ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या कर्करोगात) फ्रिक्वेन्सी यंत्राचा उपयोग होतो का?

प्रश्न (म्हापसा): बाबांचं रेडिएशन संपलं, टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) चालू आहे. एक जण हातात धरायच्या नळ्यांचं राइफ यंत्र (ठरावीक फ्रिक्वेन्सीने आजार बरा होतो असा दावा असलेलं) देतोय. घेऊ का?

उत्तर १: कृपया नको. कल्पना १९३० च्या दशकातली, गाठ कमी होते याचा पुरावा नाही. तपासलेली गोष्ट वेगळी आहे: टीटीफील्ड्स. यात डोक्याला चिकटवलेल्या पट्ट्यांमधून दिलेलं २०० किलोहर्ट्झचं विद्युतक्षेत्र पेशींच्या विभाजनात अडथळा आणतं. टेमोझोलोमाइडसोबत दिल्यावर चाचणीत मध्यक आयुर्मान १६ वरून सुमारे २१ महिने झालं. पण दिवसाला किमान १८ तास लावावं लागतं.

उत्तर २: टीटीफील्ड्समध्ये खरी कसोटी त्वचेची, त्यात आपल्याकडचा दमटपणा. पट्ट्या आठवड्यातून दोनदा बदला. दर वेळी डोकं तुळतुळीत करा, सौम्य शॅम्पू, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. ओल राहिली की चिकटत नाही, यंत्र अलार्म देतं. नवी पट्टी दोनेक सेंटीमीटर सरकवून लावा, नाहीतर त्याच जागी फोड येतात. काढताना बेबी ऑइल, ओढू नका.

उत्तर ३: पेसमेकर असेल किंवा शस्त्रक्रियेत काढलेलं कवटीचं हाड परत बसवलेलं नसेल तर टीटीफील्ड्स चालत नाहीत. खर्चही प्रचंड. आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा. टेमोझोलोमाइड मात्र कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.