घर विकून आरव्हीत राहायचं ठरवलंय, पण मग आम्ही रहिवासी कुठले?

नाना_एडिसनवाले

नमस्कार मंडळी. मी ६६, बायको ६१, न्यूजर्सीत एडिसनला २२ वर्षं झाली. मुलं आपापल्या घरी गेली, आता चार बेडरूमचं घर आणि आम्ही दोघंच, वरच्या दोन खोल्यांत तर दिवाळीच्या साफसफाईलाच काय तो पाय पडतो. म्हणून घर विकून निदान तीन-चार वर्षं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं ठरवलंय. २४ फुटी क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची आरव्ही) बघून ठेवलीय, अजून घेतलेली नाही. घर मात्र पुढच्या महिन्यात मार्केटवर टाकतोय.

अडलंय ते पत्त्यावर. घर गेलं की लायसन्स, टॅक्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) हे सगळं कुठल्या राज्याचं? यूट्यूबवर जो तो साउथ डकोटा साउथ डकोटा करतोय, एक रात्र राहा आणि रहिवासी व्हा म्हणे, खरंच असं असतं का? मुलगी म्हणते माझा पत्ता लावा, पण ती पण जर्सीतच, मग टॅक्स वाचणार कसा? आणि अजून एक, मी सिटिझन आहे पण बायको ग्रीन कार्डवर, इतकी वर्षं तिला भारताचा पासपोर्ट सोडवत नव्हता, आता म्हणते सिटिझनशिप करून टाकू. कुणी हे सगळं केलंय का?

भटकी_भवानी

नाना, आम्ही २०२२ पासून रस्त्यावर आहोत (शब्दशः!). एक रात्रीचं खरं आहे पण ते लायसन्सपुरतं. आधी तिथल्या मेल फॉरवर्डिंगवाल्याकडे पीएमबी म्हणजे प्रायव्हेट मेलबॉक्स घ्यायचा, त्याला पोस्टाचा फॉर्म १५८३ लागतो, मग राज्यात एखाद्या कॅम्पग्राउंडवर किंवा हॉटेलात एक रात्र राहून त्याची पावती, पीएमबीचा कागद, रहिवासाचं अ‍ॅफिडेव्हिट आणि जुनं लायसन्स घेऊन काउंटरवर जायचं. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं.

आमची फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पावतीवर फक्त ह्यांचं नाव होतं. काउंटरवरच्या बाईने ह्यांचा फोटो पण काढला आणि मला म्हणाली तुमची पावती कुठाय. अहो एकाच गाडीत एकाच पलंगावर झोपलो काल! पण नाही. परत ४० मैल मागे, कॅम्पग्राउंडवाल्या आजोबांनी पेनने माझं नाव लिहिलं, तेही आडनावाचं स्पेलिंग चुकवून, मग पुन्हा प्रिंट काढायला लावली. तेव्हा पावती दोघांच्या नावाने, आणि नावं पासपोर्टवर आहेत अगदी तश्शी.

मतदानाचं वेगळं. २०२३ साली त्यांनी कायदा केला, मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर आधी ३० दिवस तिथे राहिलेलं पाहिजे. म्हणजे लायसन्स एका रात्रीत, मत नाही.

गाडी अजून घेतली नाही हे बरंच झालं. जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, साउथ डकोटात गाडीवर ४ टक्के. ९० हजारांची गाडी धरली तर जवळजवळ २,३६० डॉलरचा फरक पडतो.

टेक्सासचा_पाव्हणा

आम्ही टेक्सासवाले. लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे पोक काउंटीत, तिथे एस्केपीज म्हणून १९७८ पासूनचा आरव्हीवाल्यांचा क्लब आहे, त्यांच्याच मेल सर्व्हिसचा पत्ता हजारो लोकांचा. काउंटीच्या लोकांना आपली सवय आहे त्यामुळे पत्ता बघून कुणी भुवया उंचावत नाही. आधी दर वर्षी गाडीच्या सेफ्टी इन्स्पेक्शनची कटकट होती, १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांना ते काढून टाकलं. फक्त गाडी २६,००० पाउंडांच्या वर असेल तर वेगळ्या क्लासचं लायसन्स आणि टेस्ट, तुमची २४ फुटी आहे म्हणजे प्रश्नच नाही. आणि हो, जुरी ड्यूटीचं पत्र येतं बरं का, मी तेव्हा ओरेगॉनात होतो, तारीख पुढे ढकलून मागितली, दिली.

पण नाना, मुद्दा राज्य कुठलं हा नाहीच. आपण अ‍ॅडमिशनच्या वेळी तहसीलमध्ये लायनीत उभं राहून डोमिसाइलचा दाखला आणायचो ना, शिक्का बसला की विषय संपला. इथे तसा एक कागद नाही. फ्लोरिडात काउंटी क्लर्ककडे डिक्लेरेशन ऑफ डोमिसाइल नोंदवता येतं, ते त्यातल्या त्यात जवळचं, पण तेही तुमचं तुम्हीच केलेलं विधान. डोमिसाइल म्हणजे फिरून परत कुठे येणार ती जागा, आणि ते तुमच्या वागण्यावरून ठरवतात. लायसन्स साउथ डकोटाचं, डॉक्टर जर्सीचा, गाडीचा इन्शुरन्स मुलीच्या पत्त्यावर, सामान तिच्या बेसमेंटमध्ये आणि वर्षातले पाच महिने नातवंडांसाठी एडिसनलाच मुक्काम, असं असलं तर एक ना धड भाराभर चिंध्या, उद्या जर्सीने विचारलं तर काय दाखवणार? इन्शुरन्सला तर खोटा पत्ता बिलकुल नको, फुल टाइम राहतोय हे सांगून तशीच पॉलिसी घ्या नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

टॅक्सचं पण आधी पेन्सिल घेऊन बसा. या तिन्ही राज्यांत इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण जर्सी सोशल सिक्युरिटीवर तसाही टॅक्स लावत नाही आणि ६२ नंतर ठरावीक उत्पन्नापर्यंत पेन्शनलाही सूट देते. वाचणारी रक्कम कदाचित तुम्हाला वाटते तेवढी नसेल.

कागद_मावशी

कुणी बायकोबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितेय. (वकील नाही, पण घरातले सहा अर्ज भरलेत.)

नाना, आधी लगीन नॅचरलायझेशनचं (म्हणजे वहिनींच्या सिटिझनशिपचं), मग आरव्हीचं! एन-४०० हा सिटिझनशिपचा अर्ज भरताना ज्या राज्यातून भरताय तिथे आधीचे तीन महिने खरोखर राहिलेलं असावं लागतं. आज तुम्ही जर्सीचे पक्के आहात, २२ वर्षांचा पुरावा आहे. एकदा चाकांवर गेलात की कुठल्या राज्यात तीन महिने राहिलात ते पावत्या जमवून सिद्ध करत बसा. शिवाय बायोमेट्रिक्सचं पत्र, इंटरव्ह्यूचं पत्र, शपथविधीचं पत्र, सगळ्यांना तारखा, आणि तुम्ही युटाच्या वाळवंटात. पोस्टात पत्ता बदलला की पत्रं मागे मागे येतील या भरवशावर तर मुळीच राहू नका, यूएससीआयएसची (इमिग्रेशन खात्याची) पत्रं तशी फॉरवर्ड होत नाहीत.

ग्रीन कार्डवर असताना पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, त्यात राहण्याचा पत्ता वेगळा विचारतात आणि पत्रव्यवहाराचा वेगळा. पीएमबी दुसऱ्या रकान्यात चालेल, पहिल्यात काय लिहिणार, कॅम्पग्राउंडचा प्लॉट नंबर १४, वीज-पाण्यासकट?

आणि घर जर्सीचे रहिवासी असतानाच विका. रहिवासी असलात तर क्लोजिंगला (विक्री पक्की होते त्या दिवशी) जीआयटी/आरईपी-३ हा रहिवासी विक्रेत्याचा फॉर्म भरून सुटता, आधीच बाहेरचे झालात तर सहसा विक्रीच्या वेळीच अंदाजे टॅक्स भरून घेतात, ज्याला लोक एक्झिट टॅक्स एक्झिट टॅक्स म्हणून घाबरतात तो हाच. रिटर्न भरल्यावर जास्तीचा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकले ना.

व्हॅनवाला_बंड्या

मध्येच घुसतोय सॉरी, मी एच१बी वर्क व्हिसावर आहे, जॉब फुल रिमोट, व्हॅनमधून काम करत फिरलो तर चालेल का?

कागद_मावशी

बंड्या, नाद सोड. तुझा एलसीए (कंपनीने एच१बीसाठी लेबर खात्याकडे भरलेला अर्ज) कामाच्या ठरलेल्या जागेला बांधलेला असतो, रिमोट असलास तरी तुझ्या घराचा पत्ता हीच ती जागा. दुसऱ्या मेट्रो भागात मुक्काम हलवून काम करायचं तर कंपनीला आधी अमेंडमेंट भरावी लागते. सुट्टीत फिर की हवा तेवढा.

भटकी_भवानी

नाना, दोन गोष्टी राहिल्या. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज घेऊ नका, ते खाजगी कंपनीचं आणि भागापुरतं असतं आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे काढूनच टाकतात. ओरिजिनल मेडिकेअर आणि वर मेडिगॅप (खाजगी पूरक विमा) घेतलं की देशभर चालतं. वहिनींना ६५ व्हायला अजून चार वर्षं, त्यांचा मार्केटप्लेसचा (सरकारी साइटवरून घ्यायचा आरोग्य विम्याचा) प्लॅन काउंटीवर ठरतो, आणि पुष्कळ प्लॅन राज्याबाहेर इमर्जन्सीशिवाय काही देत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने निव्वळ यासाठी फ्लोरिडा घेतलं. मी तर म्हणेन राज्य वहिनींच्या इन्शुरन्सवरून ठरवा, गाडीच्या टॅक्सवरून नको, तो एकदाच भरायचा असतो.

दुसरं बँक. आमच्या बँकेने पीएमबी बघून खातंच गोठवलं, आणि आम्ही पेट्रोल पंपावर उभे! राहण्याचा पत्ताच नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा पत्ता नियमात बसतो, तिथे मुलीचा द्या. पण निघायच्या आधी बोलून घ्या, पंपावरून नको.

नाना_एडिसनवाले

सगळ्यांचे खूप आभार, भवानीताई आणि मावशींचे विशेष. घर मार्केटवर टाकायचं तूर्त थांबवलंय, एजंट जरा फुगलाय. काल रात्री बायकोने एन-४०० उघडला. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात ते लिहा म्हणतात, आमचं एका ओळीत आटपलं. ती म्हणाली, हे असं शेवटचंच लिहितेय.