गाडी चालवताना व्हेप (ई-सिगारेट) ओढली तर कुठलं कलम?

प्रश्न: निपाणी सोडून कागलकडं गेलं की महाराष्ट्र लागतो. मग व्हेपचा कायदा बदलतो काय?

उत्तर १: नाही दादा. 2019 चा ई-सिगारेट बंदी कायदा केंद्राचा, दोन्हीकडं तोच. विक्री किंवा वाहतुकीला पहिल्या वेळी 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या ओढण्याला त्यात वेगळी शिक्षा नाही. पण डिकीत व्हेपची खोकी सापडली तर अवघड आहे. निकोटीन नसलेली व्हेपही बंदीतच येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

उत्तर २: मोटार वाहन कायद्यात व्हेपचं नाव नाही. पण वाफेनं समोरचं दिसेना, गाडी लेन सोडून गेली, तर कलम 184, धोकादायक ड्रायव्हिंग: पहिल्या वेळी 1 ते 5 हजार दंड, नाहीतर 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्ही.