मदत हवी आहे: सभेच्या गर्दीत अपलोड का अडकतो, हे मोजायचं कसं?

शिवाजी पार्कवरच्या सभेतून एकाच वेळी शेकडो जण भाषण लाइव्ह दाखवू लागले की अपलोड कोलमडतो. राजकीय संज्ञापनाच्या अभ्यासासाठी कारण वेगळं काढायचंय: माणसांच्या शरीरांनी अडवलेला सिग्नल, की भरलेला फोरजी सेल (एका टॉवर-अँटेनाच्या वाट्याचा पट्टा, ज्याची क्षमता सगळ्यांत वाटली जाते)?

एकाच मॉडेलचे दोन अँड्रॉइड फोन ठरवलेत, एक ट्रायपॉडवर ३ मीटर उंच, दुसरा छातीच्या उंचीवर. आरएसआरपीतला (टॉवरच्या संदर्भ-सिग्नलची फोनला मिळणारी ताकद) फरक म्हणजे ढोबळमानाने शरीरांचा अडथळा. आरएसआरक्यू (त्याच सिग्नलचं एकूण मिळणाऱ्या शक्तीशी प्रमाण, म्हणजे दर्जा) मात्र फसवा. एका अँटेना पोर्टच्या आदर्श हिशेबात रिकाम्या सेलला −३ डीबी, पूर्ण भरलेल्याला −१०.८; पण शेजारचा सेलही तो आकडा खाली ओढतो. शिवाय ही सगळी डाउनलिंकची (टॉवरकडून फोनकडे) मोजणी, अपलिंकची (फोनकडून टॉवरकडे) रांग तिच्यात दिसतच नाही. फिरता टॉवर आणून उभा केला आणि फोन त्याला जोडला गेला की पीसीआय (सेलचा ओळखक्रमांक) बदलतो, म्हणून तोही नोंदवायचा. चाचणीची फाइल सतत चढवत राहिलो तर गर्दीत आपलीच भर!

रूट केलेल्या (सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवलेल्या) क्वालकॉम चिपच्या फोनच्या डायग पोर्टवरून (मोडेमच्या निदान-नोंदी देणारी वाट) फोनची प्रक्षेपणशक्ती आणि अपलोडसाठी मिळालेले रिसोर्स ब्लॉक (सेल वाटून देतो ते वारंवारितेचे तुकडे) कुणी वाचलेत का? शक्ती २३ डीबीएमला (फोनची नेहमीची कमाल मर्यादा) टेकलेली असेल तर अपलिंक कमजोर. बरीच खाली असून ब्लॉकही मोजकेच मिळत असतील तर सेल भरलेला, हा निकष चालेल?