साकुरा म्हणजे क्षणभंगुरता: हा अर्थ खरंच इतका जुना आहे?

बकुळ:
मार्च संपत आला की तेच वाक्य फिरू लागतं: साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा बहर, म्हणजे आयुष्याची क्षणभंगुरता. जपानी माणूस म्हणे हजार वर्षं झाडाखाली बसून हेच चिंतन करतोय. मला हे अर्धसत्य वाटतं. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा चीनहून आलेल्या 'उमे'च्या (आलुबुखारासारख्या झाडाच्या) फुलावर कितीतरी जास्त कविता आहेत. १५९४ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी लवाजमा घेऊन योशिनोच्या डोंगरावर फुलं बघायला गेला, ते निव्वळ शक्तिप्रदर्शन होतं. अठराव्या शतकात शोगुन (लष्करी सत्ताधीश) योशिमुनेने एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आसुकायामा टेकडीवर झाडं लावली, ती लोकांनी खावं-प्यावं, मजा करावी म्हणून.

'फुलासारखे गळून पडा' हे ठसवलं आधुनिक लष्कराने. ऑक्टोबर १९४४ मधल्या पहिल्या आत्मघाती विमानतुकड्यांची नावं पाहा: शिकिशिमा, यामातो, आसाही, यामाझाकुरा. चारही नावं अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या विद्वानाच्या एकाच कवितेतून उचललेली. त्या कवितेत मरणाचा शब्दही नाही, सकाळच्या उन्हात उजळलेला रानातला साकुरा आहे.

तळटीप:
बकुळताई, गैरवापर झाला हे मान्य. पण अर्थच लष्कराने जन्माला घातला, हे पटत नाही. सैग्यो हा भिक्षू-कवी बाराव्या शतकातला. वसंतात, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, फुलांखाली मरण यावं असं त्याने लिहून ठेवलं आणि ११९० साली नेमका त्याच सुमारास तो गेला. लोक हळहळले, थक्क झाले. तेव्हा कुठलं लष्करी प्रचारखातं होतं?

त्याच्याही मागे जा. ७१२ सालच्या 'कोजिकी' या पुराणकथांच्या ग्रंथात निनिगी हा देव पृथ्वीवर उतरतो आणि कोनोहानासाकुया-हिमेच्या प्रेमात पडतो. तिचा बाप थोरली इवानागा-हिमेही सोबत पाठवतो. ती दिसायला कुरूप, म्हणून निनिगी तिला परत धाडतो. बाप म्हणतो, थोरली ठेवली असतीस तर तुझा वंश खडकासारखा टिकला असता. आता तो फुलासारखा अल्पायुषी होणार. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

शून्यमिती:
कथा छान सांगितलीत, पण ते फूल कुठल्या झाडाचं, हे तिथे सांगितलेलंच नाही. साकुयाला साकुराची देवी नंतरच्या लोकांनी केलं. पुढचा भागही का गाळला? निनिगी तिच्या गर्भावर संशय घेतो, तेव्हा ती बाळंतघराला आग लावून ज्वाळांत मुलांना जन्म देते. ही गळून पडणारी बाई नव्हे.

ओसाकाकर:
इथे राहून सांगतो, तुम्ही दोघंही पुस्तकातला साकुरा बघताय. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. प्रवेशपरीक्षेच्या निकालाच्या तारेत पूर्वी 'साकुरा फुलला' म्हणजे पास आणि 'साकुरा गळला' म्हणजे नापास असं कळवायचे. पोरांच्या लेखी फूल म्हणजे नवा वर्ग. नोकरदारांच्या लेखी निळं प्लास्टिक अंथरून बिअर.

आणखी एक. आज सगळीकडे दिसतो तो सोमेइ-योशिनो या जातीचा साकुरा, एदोजवळच्या सोमेइ गावच्या रोपवाटिकांमधून एकोणिसाव्या शतकात पसरलेला. सगळी झाडं कलमाची, एकाच झाडाच्या जणू प्रती, म्हणून एका भागात एकदम फुलतात, एकदम झडतात. सैग्योने पाहिलेला यामाझाकुरा, म्हणजे रानटी साकुरा, तसा नव्हता. त्यात झाडागणिक फरक असतो, पालवीही फुलांबरोबरच येते.

जाताजाता:
झाडाखाली प्रेतं पुरलेली असतात म्हणून फुलं गुलाबी होतात, अशी प्राचीन दंतकथा आहे ना? ती तर मरणाचीच झाली.

शून्यमिती:
प्राचीन कसली! 'साकुराच्या झाडांखाली प्रेतं पुरलेली आहेत' हे वाक्य लेखक काजिइ मोतोजिरोच्या १९२८ च्या एका छोट्या ललित गद्यातलं. ॲनिमेवाल्यांनी या दंतकथेचं वय वाढवलं.

बकुळ:
ओसाकाकर, आभार, माझंच म्हणणं तुम्ही पुढे नेलंत. आणि अर्थ कोण ठरवतं ते दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये विचारा. वसाहतकाळात जपान्यांनी तिथल्या चांगग्योंगगुंग राजवाड्यात प्राणिसंग्रहालय थाटलं, साकुरा लावला. १९८०च्या दशकात राजवाडा पूर्ववत करताना ती झाडं हलवली, त्यातली काही सोलमधल्याच येओइदो बेटावर. आज तिथेच वसंतोत्सवाला तोबा गर्दी असते. झाड तेच, अर्थ तीनदा बदलला.

तळटीप:
अर्थ बदलतात म्हणून जुना अर्थ खोटा ठरत नाही. जपानच्या इयो प्रांतातल्या जुरोकु-झाकुराची ('सोळाव्या दिवसाच्या साकुरा'ची) कथा घ्या. म्हाताऱ्या सामुराईची सगळी मुलं गेलेली, अंगणातला आवडता साकुराही वाळतो. तो झाडाखाली हाराकिरी करून आपला जीव झाडाला देतो. तेव्हापासून ते झाड दरवर्षी पहिल्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी, भर थंडीत फुलतं. सामुराई, साकुरा आणि मरण, सगळं एकत्र, तेही लोककथेत.

बकुळ:
पण तो कुणासाठी मेला? ना सम्राटासाठी, ना देशासाठी. झाड जगावं म्हणून. लष्कराने नेमकं हेच उलटं केलं: फूल गळतं, तसे तुम्हीही गळा.

तळटीप:
बरं. सैग्योबद्दल मात्र अजून कुणी बोललेलं नाही.