शाळा तपासणीत दाढा किडलेल्या निघाल्या, पुढे काय?

प्रश्न (शिक्षिका, जि. प. शाळा): राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने पहिली-दुसरीतल्या काही मुलांना संदर्भ चिठ्ठ्या दिल्या. पालक म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडतीलच. काय सांगू?

दंतवैद्य: सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती कुठलाही दात न पाडता उगवते, म्हणून फसगत होते. गेली की पुन्हा येत नाही. दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लवकर काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालचा पक्का दात वाकडा येतो. गालावर सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी पाठवा.

आरोग्यसेवक: पथक शाळेत वर्षातून एकदा येतं (अंगणवाडीत दोनदा) आणि दात तिथे भरत नाही. चिठ्ठी दप्तरातच राहते, खरी गळती तिथे! नावांची यादी ठेवा. ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाचा वार फोनवर विचारा, नसेल तर उपजिल्हा रुग्णालय. पाच-सहा मुलं एकत्र नेली तर पालकांची मजुरी कमी बुडते.

दंतवैद्य: घरी मिश्री, कोळसा बंद. फ्लोराइडची पेस्ट (१००० पीपीएम) तीन वर्षांखाली तांदळाएवढी, नंतर वाटाण्याएवढी. थुंकावं, पण खळखळून चूळ नको. रात्रीचं घासणं चुकवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा.

शिक्षिका: बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर?

आरोग्यसेवक: आधी पाणी तपासा. १.५ मिग्रॅ प्रतिलिटरच्या वर असेल तर पिण्याचा स्रोत बदला. उकळून फ्लोराइड जात नाही.