रामकुंड गेलं त्र्यंबकला! शाळेत एआय कुणी आणि कधी वापरावं?

फळा-डस्टर (धागाकर्ता)

मी नाशिकमध्ये गंगापूर रोडकडच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववीचा वर्ग, पट ४६. शनिवारी 'माझ्या गावची नदी' हा निबंध घरी लिहायला दिला. सोमवारी वह्या घेऊन बसलो, तर तिसऱ्याच वहीत 'गोदावरी ही केवळ एक नदी नसून ती आपल्या संस्कृतीची जीवनवाहिनी आहे'. चौथ्या वहीतही तेच. दहा-बारा वह्या होईस्तोवर मी नुसत्या 'केवळ'ला लाल गोल करायला लागलो होतो.

एकाने लिहिलंय, 'त्र्यंबकेश्वर येथील पवित्र रामकुंडात भाविक स्नान करतात'. नाशिककरांना सांगायला नको, त्र्यंबकला कुशावर्त, रामकुंड पंचवटीत. आणि हा पोरगा पंचवटीतलाच! रोज रामकुंडावरून सायकल मारत येतो. जवळ बोलावून विचारलं, "रामकुंड कुठंय रे?" म्हणाला, "आमच्या इथं, सर." मग वही पुढे केली. त्याने वाचलं आणि तोच फिस्सकन हसला. चार पानं स्वतःच्या हाताने उतरवली होती, पण वाचलं मात्र तेव्हा पहिल्यांदा.

माझं मत सरळ आहे. दहावीपर्यंत लेखनाच्या कामात एआय नको. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला आपण कॅल्क्युलेटर देतो का? नाही ना? मग भाषेलाच का सवलत?

पंचवटीकर

सर, राग समजतो, पण जरा मागे वळून बघा. आमच्या वर्गात सगळ्यांनी 'मी पाहिलेला सूर्यास्त' गाईडमधून उतरवला होता. साठ पोरांनी एकच सूर्यास्त पाहिला, तोही समुद्रात बुडणारा! नाशिकला समुद्र कुठून आणला ते कुणी विचारलं नाही. दहापैकी आठ मार्क मिळाले, वर 'छान' असा शेरा. जीवनवाहिनी वगैरे भाषेला मार्क देणारे आपणच. पोरं तेवढं बरोबर हेरतात.

निवृत्त गुरुजी

धागाकर्त्यांशी सहमत. गाईडची तुलना पटत नाही. गाईड एकच असायचं, त्यामुळे पान उघडलं की चोरी सापडायची. इथे पोरगं सांगतं, 'नववीच्या मुलाने लिहिल्यासारखं कर, दोन शुद्धलेखनाच्या चुका टाक.' हसू नका, माझ्या नातवाने हेच केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. चुकासुद्धा उसन्या!

कोडवाला

बंदी कागदावर छान दिसते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये शाळेच्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. चॅटजीपीटी आलंच होतं ३० नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे वर्षभरही टिकली नाही.

दुसरं, कुणी म्हणेल की पकडायचं सॉफ्टवेअर लावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याने ओळखला आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर एआयचा ठरवला. जुलै २०२३ मध्ये गुंडाळलं. आणि हे आकडे इंग्रजीचे. असल्या यंत्राच्या भरवशावर एखाद्या प्रामाणिक पोरीला वर्गासमोर उभं करणार?

मात्र वयाचा मुद्दा मला मान्य आहे. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलंय. चॅटजीपीटीच्या अटींतही १३ आहे, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. सहावी-सातवीच्या पोरांना 'चॅटजीपीटीवरून प्रकल्प करून आणा' असं सांगणाऱ्या शाळा मला माहीत आहेत.

सातपूरची आई

मी कंपनीत शिफ्टला असते. घरात स्मार्टफोन एकच, माझा. व्हॉट्सअ‍ॅपवर ते मेटा एआयचं निळं गोल आहे ना, पोरी त्यालाच विचारतात. मी रात्री साडेअकराला घरी येते, तेव्हा कोण काय उतरवतंय ते बघायला मी जागेवर नसते. बंदी घालायची तर घाला, पण पाळून घेणार कोण?

आता गुरुजनांना एक विचारते, राग मानू नका. माझ्या जुळ्या मुली आहेत. एक वर्गात बोलून बोलून डोकं उठवते, दुसरीच्या तोंडून शब्द फुटत नाही. दोघींच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी अक्षरशः सारख्या: 'वर्गकार्यात उत्स्फूर्तपणे सहभागी होते. आपले विचार निर्भीडपणे मांडते.' निर्भीडपणे! जी वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारायला घाबरते ती! हे एआय यायच्या आधीचं आहे बरं का. शिक्षकांच्या ग्रुपवर नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. मग माझ्या पोरीने निबंध उतरवला तर आभाळ कोसळलं का?

निवृत्त गुरुजी

ताई, त्यात दोष शिक्षकाचाच, मी पांघरूण घालणार नाही. पण एका चुकीने दुसरी धुतली जात नाही.

सुरगाण्याहून

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोघं. मी पहिली-दुसरी एकत्र बघते आणि एआय रोज वापरते. इथे बंदी आली तर माझं अवघड होईल.

दुसरीच्या पाच मुलांना जोडाक्षरं अजून येत नाहीत. त्यांच्यासाठी मला बिनजोडाक्षराच्या गोष्टी लागतात. नागलीच्या भाकरीवर, नाहीतर पावसात भिजलेल्या बकरीवर, दहा ओळींच्या. मी फोनवर मागते. गंमत बघा, 'एकही जोडाक्षर नको' असं सांगूनसुद्धा दुसऱ्या ओळीत 'प्रत्येक' आणि शेवटी 'आनंदाश्रू' येतात. मग मी ते काढून 'दर' लिहिते, बकरीला रडवत नाही, गोष्ट फळ्यावर उतरवते. सगळं मिळून दहा मिनिटं. आधी अर्धा तास जायचा आणि तेवढ्यात दुसऱ्या ओळीतली पोरं मारामारी करायची.

माझी निम्मी मुलं घरी कोकणा (इथली आदिवासी बोली) बोलतात. एकदा मी त्याला कोकणा शब्द मागितले, तर त्याने गोव्याची कोंकणी दिली! नाव जवळचं, एवढंच. माझ्या शेजारी आमच्या मदतनीस मावशी होत्या म्हणून कळलं, नाहीतर मी ते फळ्यावर लिहून बसले असते.

फळा-डस्टर

सुरगाण्याच्या ताईंना नमस्कार. तुमच्या वापराला माझा विरोध नाही, मी मुलांच्या लेखनाबद्दल बोलत होतो. पण सातपूरच्या ताईंनी खपली काढलीच आहे तर कबूल करतो. मागच्या घटक चाचणीचा व्याकरणाचा प्रश्न मी चॅटजीपीटीकडून काढला होता. घाई होती, त्यात निवडणुकीच्या कामाचं पत्र आलेलं. पाच वाक्प्रचार घेतले आणि पेपर झेरॉक्सला दिला. परीक्षेत मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, 'ढगाला हात पुसणे' म्हणजे काय?" मी आयुष्यात ऐकला नव्हता. वर्गभर फिरून तो प्रश्न खोडायला लावला आणि 'छपाईची चूक' असं सांगितलं. छपाईची कसली डोंबलाची!

कोडवाला

हे लिहायला धाडस लागतं सर, मानलं. जोडीला एक सांगतो, कारण कुणी त्यावर बोललं नाही. काही शिक्षक उत्तरपत्रिकांचे फोटो मुलांच्या नावांसकट टाकून मार्क मागतात. 'अमुक विद्यार्थ्याचे वडील वारले, त्यावर नोंद लिहून दे' असंही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती असावी अशी तरतूद आहे. निदान नाव आणि हजेरी क्रमांक झाकून तरी टाका.

निवृत्त गुरुजी

वाक्प्रचाराच्या किश्श्याने माझंच म्हणणं बळकट होतं. 'हा वाक्प्रचार नाही' असं तुम्हाला ऐकताक्षणी कळलं, कारण कान तयार आहे. ताईंनी 'प्रत्येक' पकडला. पंचवटीच्या पोराचा कान तयार व्हायचाय, आणि तो चार ओळी स्वतः खरडून, खोडूनच तयार होतो. म्हणून शिक्षकाला मुभा आणि मुलाला नाही. यात दुजाभाव वाटला तरी चालेल.

पंचवटीकर

गुरुजी, पण कान तयार असूनही सरांनी पेपर न वाचता झेरॉक्सला दिलाच ना? पोराने न वाचता उतरवलं, सरांनी न वाचता छापलं. मला तर दोघं एकाच बाकावर दिसतात.

फळा-डस्टर

बसतो बाबा त्याच बाकावर.

काल वर्गात काय केलं ते सांगतो. तो रामकुंडवाला निबंध नाव काढून फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, यातलं खोटं शोधा. सात चुका निघाल्या, दोन माझ्याही नजरेतून सुटल्या होत्या. मग फोन नाही, वही नाही, कोरा कागद देऊन वीस मिनिटं. नदीबद्दल फक्त स्वतः पाहिलेलं लिहायचं. बरीच पोरं पेन चावत बसली. आठ-दहा जणांना चार ओळींपुढे जाता आलं नाही, हेही लपवत नाही. पंचवटीच्या पोराने लिहिलंय ते जसंच्या तसं देतो (दुतोंड्या मारुती म्हणजे गोदापात्रातली मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून बघतात):

'दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की पप्पा दुकानातले डबे माळ्यावर टाकतात. कमरेला लागलं की आम्ही पण वर. मागच्या वेळेस एक डबा खालीच राहिला त्यात कुंकू होतं. नंतर सगळी फरशी लाल झाली मम्मी दोन दिवस पुसत होती.'

स्वल्पविराम एकही नाही. मी दहापैकी नऊ दिले.

निवृत्त गुरुजी

हे वर्गात बसवून लिहून घेतलंत म्हणून आलं. एआयचा यात काडीचा वाटा नाही.

कोडवाला

आणि आधी ज्या सात चुका शोधल्या, त्या कुणाच्या होत्या गुरुजी? :)

सातपूरची आई

सर, नऊ का? एक कशाचा कापला?

फळा-डस्टर

ताई, 'गुडघ्याला'मधल्या 'घ'चा 'ध' काढला होता. तुमच्यासाठी टंकताना मी दुरुस्त केला. म्हणजे 'जसंच्या तसं' हेही खोटंच!