बॉबी हिलचं मेडल आणि फ्रॅम्प्टनला दोन गुण: पाईजच्या विजयाचं हे कसलं मोजमाप?

व्हिक्टोरियापार्ककर

शनिवारी, 30 सप्टेंबर 2023 ला कॉलिंगवूडने, म्हणजे आमच्या पाईजने, ब्रिस्बेन लायन्सला हरवून फुटीचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएलचा) कप जिंकला आणि रविवारी सकाळी ठाणेकर_टारनीट यांनी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण वाटून टाकले. निक डेकॉस नऊ, टॉम मिचेल आठ, बॉबी हिल सात, बिली फ्रॅम्प्टन दोन. खाली शेरा: "नॉर्म स्मिथ मेडल (फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं) निकचंच होतं. हिलला चार गोलांवर बहाल केलं. आणि फ्रॅम्प्टनमुळे आपण मॅच घालवत होतो."

गप्प बसणार होतो, पण बसवत नाही. ठाणेकर, तुम्ही फुटी बघता ती क्रिकेटचा धावफलक वाचल्यासारखी. निकचे 29 टच (चेंडू हातात घेऊन पुढे दिला तो टच), हिलचे 18, म्हणजे निक मोठा. मधल्या फळीतल्या खेळाडूकडे दिवसभर चेंडू येतच असतो. फॉरवर्डमध्ये हिलच्या उंचीच्या पोराकडे तो येतो तेव्हा अंगावर दोन माणसं असतात आणि विचार करायला अर्धा सेकंद. त्यात चार गोल! दुसऱ्या क्वार्टरमध्ये लायन्सच्या स्टारसेविचच्या खांद्यावर चढून घेतलेला तो मार्क (हवेतला झेल) बघताना आमच्या रांगेतले अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. एक लाखाच्या वर माणूस होता एमसीजीवर आणि त्या क्षणी सगळे उभे होते, लायन्सवालेसुद्धा. हा पोरगा वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थॅमचा, गेल्या वर्षी जीडब्ल्यूएस क्लबमध्ये असताना वृषणाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला. वर्षभरात तो फायनलचा सर्वोत्तम खेळाडू होतो आणि तुम्ही त्याला 'बहाल केलं' म्हणता.

आता फ्रॅम्प्टन. आमचा मॅकस्टे प्रिलिममध्ये (फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये) जखमी झाला म्हणून हा आत आला. मुळात बॅकलाईनचा गडी. त्याला फॉरवर्डमध्ये उभं केलं ते एकाच कामासाठी: लायन्सच्या बॅकलाईनमधल्या हॅरिस अँड्र्यूजला मोकळं सोडायचं नाही. अँड्र्यूज मोकळा सुटला की समोरच्या संघाचा प्रत्येक उंच किक त्याच्या हातात जातो, हे वर्षभर सगळ्यांनी पाहिलंय. शनिवारी तसं झालं नाही. फ्रॅम्प्टनचे टच हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, हे खरं. पण त्याला चेंडू घ्यायला पाठवलंच नव्हतं. आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये पस्तिशीचा पेंडलबरी ज्या थंड डोक्याने खेळला त्याला तुम्ही साडेसहा दिलेत. साडेसहा!

ठाणेकर_टारनीट

एवढं मोठं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण माझा मुद्दा तुम्ही सोयीस्कर गाळलात. निकचं ऑगस्टमध्ये हॉथॉर्नविरुद्ध गुडघ्याचं हाड चिरलं. सीझनच्या शेवटच्या तीन मॅच गेल्या, बाद फेरीची पहिली मॅच गेली, थेट प्रिलिमला परत आला. तीन मॅच बुडवूनही ब्राउनलोमध्ये (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) 28 मतं, ते जिंकलेल्या लायन्सच्या लॅची नीलपेक्षा फक्त तीन कमी. असा पोरगा, वय वर्षं वीस, फायनलमध्ये 29 टच आणि एक गोल. यापेक्षा अजून काय करायला हवं होतं त्याने?

आकड्यांची तुम्हाला ॲलर्जी आहे, पण आकडे माणूस बघून बदलत नाहीत. हिल छान खेळला. तो मार्क मीही उभा राहूनच पाहिला. पण मॅच मधल्या फळीत जिंकली जाते. चार्ली कॅमेरॉनच्या गोलाने लायन्स पुढे गेले, आणि लगेच डे गोईने लांबून मारला. कुठून आला तो चेंडू? मधून. मग सायडबॉटमचा पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून. तोही मधल्या फळीचाच माणूस.

फ्रॅम्प्टनला फार तर तीन करतो.

गॅबाचा_सिंह

तुम्हा पाईजवाल्यांचं आपसातलं भांडण संपलं असेल तर एक आठवण करून देतो. गोल आमचे 13, तुमचे 12. तुम्ही 18 बिहाइंडच्या (गोलचे सहा पॉइंट, नेम थोडा चुकला की बिहाइंडचा एक) जोरावर 90-86 जिंकलात. त्या दिवशी मैदानात सर्वात सुंदर खेळला तो आमचा किडीन कोलमन. मागून निघून अख्खी मॅच त्याने चालवली. चार पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर मेडल त्याच्या गळ्यात होतं.

आणि ते चार पॉइंट कसे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. शेवटचं दीड मिनिट, डॅनिहरने गोल मारून अंतर चारवर आणलेलं. नीलला फ्री किक मिळाली. आमच्याच बेलीने पळत चेंडू उचलून मारला आणि अंपायरने ॲडव्हांटेज दिला, म्हणजे फ्री किकसाठी खेळ थांबवलाच नाही. कसला ॲडव्हांटेज? थांबायला मिळालं असतं तर माणसं पुढे गेली असती, नीट किक लागला असता.

वर मॅच एमसीजीवर. आम्ही या वर्षी गॅबावर एकही मॅच हरलो नाही. पण फायनल 2059 पर्यंत मेलबर्नमध्येच होणार असं लिहून ठेवलंय. 2020 ला गॅबावर आणि 2021 ला पर्थला झाली ती कोविडमुळे, कोणाच्या औदार्यामुळे नाही.

व्हिक्टोरियापार्ककर

ॲडव्हांटेज खेळाडूने घेतला की खेळ चालू राहतो. बेली थांबला नाही, त्यात आमचा काय दोष? बिहाइंडचं म्हणाल तर तीस वेळा आम्ही तुमच्या गोलपर्यंत पोचलो, तुम्ही आमच्या एकवीस वेळा. नेम चुकला म्हणून चार पॉइंटवर राहिलं, नाहीतर तिसऱ्या क्वार्टरलाच मिटलं असतं. एमसीजीबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते मान्य करावं लागेल. ब्रिस्बेनहून विमानाने यायचं आणि समोर 80 टक्के काळेपांढरे, हे सोपं नाही. पण 2002 आणि 2003 ला तुम्ही याच एमसीजीवर आम्हालाच हरवून कप नेले होते. तेव्हा तुमच्याकडून खेळणारा क्रेग मॅक्रे आता आमचा कोच आहे.

डीमन_दापोली

सगळ्यांना गुण दिलेत. कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डला सात. मी त्याला शून्य देईन, कारण तो शनिवारी मैदानात असायलाच नको होता.

7 सप्टेंबरला बाद फेरीत आमच्या मेलबर्न डीमन्सच्या अँगस ब्रेशॉने किक मारला आणि मेनार्ड हवेत उडी घेऊन थेट त्याच्या डोक्यावर खांद्याने आदळला. ब्रेशॉ जमिनीवर पडण्याआधीच बेशुद्ध होता. आधीच डोक्याला मार बसलेला, हेल्मेट घालून खेळणारा माणूस. ती मॅच आम्ही सात पॉइंटनी हरलो. ट्रिब्युनलने (एएफएलच्या शिस्त समितीने) मेनार्डला मोकळं सोडलं आणि तीन आठवड्यांनी त्याच्या गळ्यात प्रीमियरशिपचं मेडल. मी मॅच बघितलीच नाही. बघवली नसती.

ठाणेकर_टारनीट

तो चेंडू अडवायला गेला होता. हवेत असताना माणूस काय करणार? ब्रेक लावणार? ट्रिब्युनलने सगळं ऐकून घेऊन निर्णय दिला. तुमचा संघ हरला म्हणून खापर एका माणसावर फोडू नका.

डीमन_दापोली

संघ हरल्याचं दुःख वेगळं. मी माणसाबद्दल बोलतोय. हवेत दिशा बदलता येत नसेल तर उडी घेण्याआधी विचार करता येतो. तुमच्या घरचं कोणी असतं तर तुम्ही ट्रिब्युनलचं नाव घेतलं असतं का?

क्लेटनची_काकू

मी इथे फारसं लिहीत नाही, पण डीमनदादांचं वाचून राहवलं नाही. शनिवारी तुमच्याच नेथन मर्फीला पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं. त्याला किती गुण दिलेत? काहीच नाहीत. यादीत नावच नाही. बदली खेळाडू आला आणि सगळे विसरले.

आमचा मुलगा अंडर-13 खेळायचा. एका मॅचमध्ये दुसऱ्याचा गुडघा त्याच्या कानामागे लागला. क्लबच्या माणसाने दोन बोटं दाखवली, 'किती?' विचारलं, त्याने 'दोन' सांगितलं, झालं, हाफटाइमनंतर परत आत. घरी येताना गाडीत तो मला विचारत होता, "आई, आपण जिंकलो का?" मी सांगितलं, हरलो रे. मोनॅश फ्रीवेला लागेपर्यंत त्याने तेच परत विचारलं. मग परत. मग उलटी. मी सरळ इमर्जन्सीला वळवली. रात्रभर तिथे. पुढे कित्येक आठवडे त्याला वर्गातला फळा बघितला की डोकं दुखायचं.

त्यानंतर फुटी बंद. आता तो क्रिकेट खेळतो. सासूबाई अजून म्हणतात, आधीच क्रिकेट खेळायला लावायचं होतं. तुम्ही मार्क आणि गोल मोजा, मला त्या 'मोठ्या हिट'च्या रिप्ले बघवत नाहीत.

गॅबाचा_सिंह

काकू, वाईट वाटलं वाचून. पण क्रिकेटचा चेंडूही डोक्याला लागतो. फिल ह्यूज 2014 मध्ये सिडनीत मानेला चेंडू लागून गेला, हेल्मेट घालून. खेळ बदलून भीती जात नाही. त्या क्लबच्या माणसाने पोराला परत आत पाठवलं ही खरी चूक. डोक्याला मार लागला की लगेच परत खेळायचं नाही असा नियम आहे, तो पाळला गेला नाही.

क्लेटनची_काकू

नियम कागदावर असतो हो. रविवारी सकाळी मैदानावर क्लबकडे माणसं कमी असतात, पोर स्वतःच 'मी बरा आहे' म्हणतं, कारण त्याला बाकावर बसायचं नसतं. आणि टीव्हीवर त्याने हेच पाहिलेलं असतं, की उठून परत धावला तो शूर. क्रिकेटमध्ये निदान कोणी मुद्दाम अंगावर धावून येत नाही.

मधली_फळी

काकू, मी बोलू का? मी इथेच जन्मले, 17 वर्षांची आहे आणि फुटी खेळते. आईबाबांना दोन वर्षं मनवावं लागलं. आमच्या मराठी कार्यक्रमांत प्रत्येक मावशी आईला विचारते, "अगं, मुलीला असल्या धसमुसळ्या खेळात कसं काय घातलंस?" माझ्या चुलतभावाला कोणी विचारत नाही. तो मांडीचा स्नायू फाडून घेतो तरी 'वाघ' असतो.

मला पण डोक्याला लागलंय. ट्रेनरने मला ओढून बाहेर नेलं, मी रडले, भांडले, तरी आत सोडलं नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. तुमच्या मुलाला अशी ट्रेनर मिळाली असती तर तो आज खेळत असता. म्हणून बंदी नको, प्रत्येक मैदानावर अशी एक बाई हवी. ऑसकिकमध्ये (लहान मुलांच्या फुटीत) तर टॅकलही नसतो, लहान पोरांना तरी येऊ द्या.

आणि मेनार्डबद्दल: मी कॉलिंगवूडची आहे, पण तो हिट मी परत परत बघितला. आमच्या कोचने तसं उडी मारून आदळणाऱ्या मुलीला घरी पाठवलं असतं. अजाणता असलं तरी.

ठाणेकर_टारनीट

विषय कुठून कुठे चाललाय. मी खेळाडूंच्या कामगिरीवर लिहिलं होतं.

डीमन_दापोली

कामगिरी म्हणजे समोरच्याचं डोकं शाबूत ठेवून खेळणंही असतं. ही सतरा वर्षांची मुलगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे.

ठाणेकर_टारनीट

तुम्ही व्यक्तिगत उतरलात म्हणून सांगतो. मी या देशात आलो तेव्हा ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी सगळे फुटीवर बोलायचे आणि मी कॉफीचा कप धरून नुसता उभा असायचो. नियम कळत नव्हते, नावं कळत नव्हती. आकडे कळत होते. टच, मार्क, टॅकल, क्लिअरन्स, रोज रात्री बसून पाठ केले. त्या आकड्यांनी मला या खेळात आणलं. कोणी ते धावफलक म्हणून उडवून लावलं की लागतं.

व्हिक्टोरियापार्ककर

ठाणेकर, आकड्यांनी आत आलात हे उत्तमच. पण आता आत आहात ना? मग आकड्याला दिसत नाही तेही बघा. मर्फी बाहेर गेल्यावर बॅकलाईन एक माणूस कमी असताना डार्सी मूर आणि बाकीच्यांनी तीन क्वार्टर काढले. हे तुमच्या कुठल्या रकान्यात आहे? काकू म्हणाल्या ते बरोबर, मर्फीचं नाव तुमच्या यादीत हवं होतं.

मेनार्डबद्दल मी डीमनदादांशी पूर्ण सहमत नाही. नियमाने तो सुटला, मग त्याला खेळवायचंच होतं. पण या 2023 च्या सीझनमध्ये त्या उडीला नियम नव्हता हे लाजिरवाणं आहे. तो पुढच्या सीझनआधी आलाच पाहिजे, आणि आला तर आम्ही पाईजवाल्यांनी आरडाओरडा करू नये.

ठाणेकर_टारनीट

मर्फीचं नाव टाकतो. खेळला तेवढ्यासाठी पाच, आणि त्यावर कोणी वाद घालू नये. पेंडलबरी साडेसात. शेवटचा क्वार्टर परत पाहिला, ठीक आहे, होता तो. फ्रॅम्प्टन चार. अँड्र्यूजचे किती मार्क झाले ते नीट मोजून मग बघू, त्याआधी पाच होणार नाहीत.

मेडल मात्र निकचंच होतं.

गॅबाचा_सिंह

कोलमनचं.

क्लेटनची_काकू

मधली_फळी बाळा, तुझ्या त्या ट्रेनर कुठल्या क्लबच्या आहेत ते मला वेगळं कळव. मुलाला मी काही सांगितलेलं नाही, पण धाकटी ऑसकिकचं विचारतेय.